सुकाणूवरची बोटं

खाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस आला की बस्त्याव नाखवा इंजीन मंद करायचा, टोपी छातीशी धरायचा आणि एक प्रार्थना पुरी होईस्तोवर सुकाणू चक्क सोडून द्यायचा.

तरण्याताठ्या इनासला बापाच्या या रिवाजाचं हसू यायचं. “अरे बाबा, एक दिवस होडी खडकावर चढेल!”

“थोडा वेळ त्याच्या हातात राहू दे,” बाप म्हणायचा. “आपल्यावाचून चालतं, हे रोज बघितलेलं बरं.”

पहिल्यांदा बापाविना होडी काढली, त्या दिवशी खलाशांसमोर रुबाब दाखवायला इनासने सुकाणू सोडलंच नाही. दुपारी वादळ उठलं. दोन तास लाटांशी झुंजून त्याने होडी क्रूसाजवळच काठाला लावली.

“आणली की नाही मी सुखरूप?” तो तिथूनच ओरडला.

क्रूसाच्या पायथ्याशी चिखलात गुडघे टेकून बसलेला बाप उठला. टोपी अजून छातीशीच होती.

“आणलीस हो,” तो होडीत चढत म्हणाला. “आता उतर.”

इनासला उतरता येईना. सुकाणूवर आवळलेली त्याची बोटं काही केल्या उघडत नव्हती. बापाने त्यांच्यावर फुंकर घातली आणि ओठांत प्रार्थना पुटपुटत एकेक बोट हलकेच सोडवलं.

आता इनासची साठी उलटलीय. क्रूस आला की तो सुकाणू सोडतो आणि त्याची पोरं हसतात. तो हसू देतो. त्याला मात्र दर खेपेला वाटतं, हात आपण काढतच नाही. अजून बापच एकेक बोट सोडवतोय.