कोठीतले पाच रांजण

"दार ओढून घे, सुनबाई. उंदीर शिरतो," मोरोपंत म्हणाले आणि त्यांनी पहिल्या रांजणावर टिचकी मारली.

ठप्प, असा भरीव आवाज आला. म्हातारा खूश झाला. सुभद्रेने रोखून धरलेला श्वास सोडला.

देवासच्या धाकट्या पातीच्या राजवाड्यात मोरोपंतांनी तीस वर्षं कोठी सांभाळली. संस्थान विलीन झालं, तिथल्या कोठीला कुलूप लागलं आणि ते घरी बसले. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता त्यांचं राज्य म्हणजे स्वयंपाकघरामागची ही एवढीशी कोठी: माणूस उभा फिरू शकेल इतकी जागा, मागे खिडकी आणि भिंतीशी पाच रांजण. आल्यागेल्याला तिचं कौतुक ऐकवल्याशिवाय ते सोडत नसत.

"घरात कोठी असली की कुणाच्या दाराशी उभं राहावं लागत नाही. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घाला, डाळीला राख लावा, चैत्रात ठेवलेलं श्रावणात निघतं! आणि प्रत्येक जिनसेला चिंधी बांधायची. कधी काढायचं, कुणासाठी, ते वर लिहायचं. आम्ही वाड्यात मीठसुद्धा चिंधीशिवाय ठेवलं नाही."

"हो, मामंजी," सुभद्रा म्हणायची.

पाचही रांजणांत वाळू होती. नाल्यावरून घमेल्याने तिनेच आणून भरली होती. तिचा नवरा माधव राजवाड्यातली कारकुनी गेल्यावर कन्नौदच्या मंडीत तोलाईला लागला होता. तिथून महिन्याकाठी पोतडीभर ज्वारी यायची, ती तीन तोंडांना जेमतेम पुरायची. कोठी रिकामी झाल्याचं कळलं तर म्हातारा हाय खाऊन मरेल, ही तिला धास्ती होती.

चैत्रात एकदा मोरोपंतांनी पहिल्या रांजणात हातच घातला. वर चार बोटं ज्वारी पसरलेली होती म्हणून बरं! हात मनगटापर्यंत आत गेला. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"भरलाय हो. शाबास," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी रांजणात हात घातला नाही. "सोवळ्याचं आहे, नुसती टिचकी पुरे," म्हणाले. देवच पावला, असं सुभद्रेला वाटलं.

पण दुसऱ्याच दिवसापासून म्हाताऱ्याने नवीन टूम काढली.

"माझं ताट आत ठेवत जा. वाड्यात कोठीवाला कोठीतच जेवायचा, सोवळं नेसून, दार लावून. आणि भाकऱ्या दोन वाढ. भरल्या कोठीच्या घरात हात आखडता कशाला?"

खोटं सुभद्रेचंच होतं, ते तिलाच निस्तरायला हवं होतं. ती दोन भाकऱ्या आत ठेवायची. आठ वर्षांच्या कमलला एक यायची आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला अर्धी, कधी तीही नाही. दाराआडून ताट चाटूनपुसून बाहेर यायचं. कमल त्या ताटाकडे बघत राहायची आणि सुभद्रेच्या पोटात संतापाचा डोंब उसळायचा. इतका कसा हा म्हातारा हावरा! नातीचं तोंड दिसत नाही, पण तिचा आवाज तरी ऐकू येतो ना?

जेवणानंतर दुपारभर खिडकी सताड उघडी टाकून ते आतच बसायचे. "कोठीला कोरडा वारा लागतो," म्हणायचे. कमलकडून रोज कडुलिंबाचा डहाळा मागवायचे. सुभद्रेला हसू यायचं आणि रडूही यायचं. वाळूला मेली कसली कीड लागणार!

कमलचं बरं होतं. ती भूक लागली की मागच्या खिडकीखाली वाळूत खोपे करत बसायची.

आषाढ लागला आणि मोरोपंतांनी अंथरूण धरलं. शेजारच्या दुर्गाबाईंनी वैद्यजींना बोलावून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, खपाटीला गेलेलं पोट पाहिलं.

"बहू, खाना क्या देती थीं इनको?"

"दो भाकरी. रोज," सुभद्रा म्हणाली.

वैद्यजींनी दुर्गाबाईंकडे पाहून मान हलवली. ती शरमेने जमिनीत गेली. सून म्हाताऱ्याला उपाशी मारते, हे आता गल्लीभर होणार! आणि हिच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता.

शेवटच्या दिवशी मोरोपंतांनी तिचा हात चाचपून धरला.

"कोठी मोडू नकोस, सुनबाई. श्रावण येऊ दे."

"नाही मोडत, मामंजी."

मरतानाही कोठीच! तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाजही वाटली, पण तेरावं होईतो ती टिकली नाही.

श्रावण लागला आणि पावसाने झोडपून काढलं. मंडी बंद पडली, माधवला काम नाही, नाल्यांना पूर आल्याने कन्नौदहून माणूस येईना. रांजणात वर पसरलेली ज्वारीही संपली, चुलीवर नुसतं पाणी होतं. कमलने जेवायला मागणं सोडलं, तेव्हा मात्र सुभद्रा घाबरली. ती दुर्गाबाईंकडे गेली.

"रांजण देते पाचही. दोन पायल्या ज्वारी द्या."

"ला, दे दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण रिकामे करून दे, बाई."

आता भ्यायचं कुणाला होतं? सुभद्रेने कोठीत जाऊन पहिला रांजण कलंडवला. तो तिला फार हलका लागला. वीतभर वाळू सांडली आणि थांबली. आतून धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घरंगळलं. तिने गाठ सोडली. कडकडीत वाळवलेल्या भाकऱ्यांची चळत होती, दर दोन भाकऱ्यांमध्ये कडुलिंबाचा पाला होता, आणि वर बांधलेल्या चिंधीवर कोळशाने वेडंवाकडं लिहिलं होतं: 'श्रावण. कमल आणि सुनबाई.'