कोपऱ्यातली जागा

आधुनिक फ्रेंच चित्रकारांच्या प्रत्येक अमूर्त चित्रासमोर आम्हा मातीकाम करणाऱ्यांपैकी एकेकीची फुलदाणी, असं ते प्रदर्शन होतं. माझ्या धाकट्या बहिणीची फुलदाणी दारासमोरच्या भिंतभर लाल चित्रापुढे मांडली होती. आणि माझी? पार आत, कोपऱ्यात, वहीएवढ्या राखाडी चित्राशेजारी. चाकावर माती कशी धरायची हे हिला शिकवलं कुणी? मीच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

उद्घाटनाला दहा मिनिटं होती. मांडणी करणाऱ्या बाई पाहुण्यांना आणायला बाहेर गेल्या. मी दोन्ही फुलदाण्यांची नावांच्या पट्ट्यांसकट अदलाबदल करून टाकली.

दार उघडलं. येईल तो लाल चित्रापुढे मान वर करून उभा राहू लागला. एका बाईंनी तर फोटो काढायला म्हणून माझ्या फुलदाणीला खेटून स्टँडवर पर्स ठेवली. कोपऱ्यातून मात्र माणसं हलेनात. त्या मळकट राखाडीपुढे धाकटीच्या फुलदाणीची हिरवी झिलई ओल्या पानासारखी चमकत होती.

तेवढ्यात धाकटी आली. तिने कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. आता ही चारचौघांत माझी लाज काढणार.

तिने मला घट्ट मिठी मारली.

"ताई, मोठ्या चित्रापुढे भांड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून मांडणीच्या बाईंशी भांडून मी तो कोपरा तुझ्यासाठी मिळवला होता. आणि तू तो मलाच देऊन टाकलास?"