सहकर्जदार

अमरावतीच्या न्यायालयाने रागिणीला कुलदीपपासून मुक्त केले, तेव्हा तिने त्याचे नाव आपल्या प्रत्येक कागदावरून काढून टाकले होते. आज स्वतःच्या दोन खोल्यांसाठी ती बँकेत कर्ज मागायला आली, तर साहेबांच्या संगणकावर ते नाव तिच्या नावाशेजारी तसेच उभे होते.

“मॅडम, अकोल्याच्या फ्लॅटचं कर्ज दोघांच्या सहीचं हाय. कुलदीपराव हप्ते थकवून राहिले, अन् सिबिल तुमचंबी पडून राहिलं. नवं कर्ज त्या सिबिलच्या गुणांवरच भेटते.”

“पण घटस्फोट झाला ना आमचा!”

“कोर्टात झाला. इथं तुमी अजून संगंच हाय. हप्ता कोनीबी भरा, सिबिल दोघायचंबी सुधरते.”

त्या फ्लॅटच्या दारावर आता कुलदीपच्या नव्या बायकोच्या नावाची पाटी आहे.



हप्ता रागिणी भरते.