हबचे आटे

सायकलच्या मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील तिरकं चढलं होतं. मिस्त्रीने चाक फिरवून पाहिलं, तर ते लंगडत फिरलं.

जुनं काढताना कसं झोकात निघालं होतं! त्याने पाना टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, वर चाक बसवलं आणि दोन्ही हातांनी टायर धरून डावीकडे असा हिसका दिला, की वर्षानुवर्षं पायडल मारून घट्ट झालेलं फ्रीव्हील एका दमात सुटलं. ते ताकदीचं काम. ताकद अजून होती. नवं चढवायला मात्र बोटं लागतात. आधी जरासं उलटं फिरवायचं, आट्यात आटा उतरला की बोटांना बारीकसा टक् कळतो, मग सुलटं. हे मिस्त्री डोळे मिटून करायचा, आणि लोकांनी बघावं म्हणून मुद्दाम डोळे मिटायचा. आज टक् कळलाच नाही. आजारपणापासून उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. बसला असेल आटा, असं मनाशी म्हणत त्याने तसंच रेटलं होतं.

आता फ्रीव्हील पुन्हा उतरवलं, तर चाकाच्या मधल्या ॲल्युमिनियमच्या हबचे आटे उंदराने कुरतडावेत तसे झालेले. हब कामातून गेला होता.

"झालं का हो मिस्त्री?" नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, दुपारच्या ड्युटीच्या घाईत. बारा वर्षं त्यांच्या सायकलला मिस्त्रीशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, असं त्या सगळ्यांना सांगत.

"हबच बाद आहे, ताई." आणि मग मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "आधीच कुणीतरी आटे घालवून ठेवलेत. त्याला मी काय करणार?"

नर्सबाई चिडतील असं त्याला वाटलं होतं. पण त्याच ओशाळल्या.

"माझंच चुकलं. तुम्ही दोन महिने अंथरुणाला खिळला होतात ना, तेव्हा एकदा समोर तुमच्या भावाकडे टाकली होती. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

मिस्त्रीच्या मनात ते 'कुणीतरी' म्हणजे कुणीच नव्हतं. आता ते त्याचा सख्खा धाकटा भाऊ होऊन बसलं. "जाऊ द्या, ताई," तो घाईघाईने म्हणाला. पण तोवर नर्सबाईंनी रस्त्यापलीकडे हाक मारलीसुद्धा.

धाकटा हात पुसत आला. दादा आजारी असताना या दुकानाचं दार तोच रोज सकाळी उघडायचा, झाडून घ्यायचा, बंद दुकान बघून लोकांनी वाट बदलू नये म्हणून. नर्सबाईंनी हब दाखवून त्याला जाब विचारला. त्याने चाक उचललं आणि आट्यांवरून अंगठा फिरवला. टेबलावर ॲल्युमिनियमचा नुकताच पडलेला चकचकीत कीस होता. मिस्त्रीच्या पँटीवरही होता.

धाकट्याने एकदाच वर पाहिलं. मिस्त्री अवजारांच्या पेटीत मान घालून नसलेला पाना शोधू लागला.

धाकट्याने हातातल्या फडक्याने टेबल पुसून टाकलं. "झालं असेल माझ्या हातून," तो म्हणाला. "नवा हब घालून देतो मी. तोवर माझी सायकल न्या."

"झालं असेल काय? ज्यांच्या हाताखाली शिकलास, त्यांच्या नावाची तरी लाज ठेवायचीस!" नर्सबाई कडाडल्या.

चाळिशीचा धाकटा, स्वतःच्या दुकानाचा मालक, मान खाली घालून ऐकत राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मिस्त्रीला झालं. एवढं तोंड वर करून खोटं बोलता आलं, तर खरंही बोलता यायला हवं होतं.

"ताई," तो म्हणाला. त्याने पेटीतून मान वर काढली. "ताई, त्याचा काही संबंध नाही. आटे माझ्या हातून गेले. आत्ताच. माझी बोटं चालत नाहीत आता."

नर्सबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा निवळला.

"पुरे, मिस्त्री. भाऊ आहे, तुम्ही पाठीशी घालणारच." आणि धाकट्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बघ जरा. असा असतो मोठा भाऊ."