साधी की हायब्रिड

मनिसालेसच्या चढांनी जुनी गाडी पार दमली, तेव्हा नुबिया आणि तिचा नवरा गिल्दार्दो नवी बघायला गेले. नातवंडांसकट सगळं घर मावेल अशी एक गाडी दोघांनाही आवडली. ती साध्या पेट्रोलवरचीही मिळत होती आणि हायब्रिडही.

"हायब्रिड महाग आहे काका, पण पेट्रोल कमी पिते. सात-आठ वर्षांत जास्तीचे पैसे वसूल," सेल्समन म्हणाला.

"मग साधीच द्या," गिल्दार्दो शांतपणे म्हणाला.

सेल्समनला वाटलं, म्हातारा चिक्कू दिसतोय. नुबियाला मात्र गेल्या आठवड्यातले डॉक्टर आठवले. गिल्दार्दोच्या छातीचा फोटो बघून ते एवढंच म्हणाले होते, "हे वर्ष तर काढू."

"हायब्रिड द्या," ती म्हणाली.

गिल्दार्दोने तिला बाजूला घेतलं. "अगं, कशाला? आणि माझ्यामागे ती चालवणार कोण? तू तर जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाहीस."

"तुम्ही शिकवा ना." नुबियाने त्याची कॉलर नीट केली. "फक्त घाई करायची नाही. मला काहीही शिकायला फार वर्षं लागतात."