सुनेसाठी साक्ष

"पूर्ण नाव सांगा," मामलेदार गोजरबाईला म्हणाले.

राहुरीच्या कचेरीत ती सुनेसाठी साक्षीला आली होती. सून एल्सा जर्मनीची. गोजरबाईचा मुलगा तिकडे शेतीचं शिकायला गेला तो शिक्षणाबरोबर हिलाही घेऊन आला. आता एल्साला भारताची नागरिक व्हायचं होतं. मुलगा बाकीचे कागद घेऊन सकाळीच नगरला गेला होता. राहिला होता एल्साचा शपथेवरचा अर्ज आणि सासूचं प्रतिज्ञापत्र, की ही लग्नापासून माझ्याच घरात नांदते. दोन्ही कागद उद्या कलेक्टर कचेरीत पोचायलाच हवे होते, आणि इकडे दुष्काळी कामांवर निघालेल्या मामलेदारांची जीप दारात घुरघुरत होती.

"गोजरबाई," एवढंच ती म्हणाली.

"नवऱ्याचं नाव, आजी. कागदावर आहे, पण शपथेला ते तुमच्या तोंडून यायला हवं."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण तो होता तेव्हा जे नाव कधी ओठांवर आलं नाही, ते आता परक्या पुरुषांपुढे कसं घ्यायचं? तिनं सुनेकडे पाहिलं. कारकुनालाही तीच वाट सुचली. बाई, तुम्ही नाव सांगा, आजींनी नुसतं हो म्हणावं, असं तो एल्साला म्हणाला.

गोजरबाईला हायसं वाटलं. एल्साच्या मुलखात असली बंधनं नव्हती. विहिरीवरून ती नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारायची आणि सारी आळी पदरात तोंड लपवून हसायची. ते हसू गोजरबाईला फार लागायचं.

एल्सानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मराठी ती सासूच्या हाताखाली, चुलीपुढे बसून शिकली होती.

"मामंजींचं नाव हाय ते," ती म्हणाली. "आत्याबाईंच्या म्होरं मी कसं घिऊ?"

कारकुनानं कपाळाला हात लावला. नावाशिवाय सही होणार नाही, कामांवरून परत आलो की बघू, असं म्हणत मामलेदारांनी पेनाला टोपण लावलं.

गोजरबाईचा ऊर भरून आला. हसणाऱ्या आळीतल्या एकाही सुनेनं भर कचेरीत सासूचा असा मान राखला नसता. ती उठून उभी राहिली.

"भिमाजी," ती म्हणाली, जीपच्या ड्रायव्हरलाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "गोजरबाई भिमाजी ढोकणे. आन् ही माझ्या घरची सून हाय."

आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. शाईचा अंगठा तिनं कागदावर नीट दाबून उठवला.

मामलेदारांनी सही केली आणि ते एल्साच्या अर्जाकडे वळले. तिलाही शपथ घ्यायची होती. त्यांनी तिच्या यजमानांचं नाव विचारलं.

एल्सानं तोंड उघडलं, तोच गोजरबाईनं तिचा हात दाबला.

"तिला नका इचारू, सायेब. कानिफनाथ. माझा ल्योक हाय, मला घ्याया येतं."