एका ओळीची पैज

कामांची आठवण करून देणाऱ्या आपल्या अ‍ॅपमधले चार चौकोन काढून सुनीलने एकच ठेवला. नाव, तारीख, वेळ, ठिकाण वेगवेगळं भरायची भानगडच नको. माणसाने एक ओळ लिहावी, कोणतं काम कधीचं ते अ‍ॅपने ओळखावं.

ही सुधारणा त्याला आईच्या पहिल्याच नोंदीने सुचवली होती: 'चौकोन चार, काम एक. सबब गैरसोय.'

पैज वडिलांची, सूर्यभानरावांची. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि पोराच्या जागेसाठी तिथेच शब्द टाकून आले होते. घरातल्या एका माणसाने जरी हे अ‍ॅप महिनाभर रोज वापरलं, तर सुनीलने राहुरीतल्या आपल्या खोलीत बसून खुशाल तेच करावं. नाहीतर एक तारखेपासून कारखाना.

"ध्यानात ठेवायला यंत्र लागतं व्हय?" ते येताजाता म्हणत. "डोकं काय नुसतं फेटा बांधायला दिलंय?"

आई, भागूबाई, तयार झाली. सुनीलने तिच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलं. तिच्या नोंदी त्याला राहुरीत संगणकावर दिसत.

पहाटे पाचलाच सुरुवात होई. 'बाजाराच्या आदल्या दिवशी सरकी पेंड आणणे.' अ‍ॅप अडलं. सुनीलने त्याला गावचा बाजार शिकवला. 'पाटाला पाणी सुटल्यावर तिसऱ्या दिवशी मका खुरपणे.' आता पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्यालाही ठाऊक नसतं. दोन दिवस डोकं खाजवून त्याने तोड काढली: असली नोंद बिनतारखेची थांबून राहील आणि कुणी 'पाणी सुटलं' असं लिहिलं, की आपोआप दिवस धरेल. पुढच्या आठवड्यात आलं, 'रानात चष्मा जवळ नसतो, सबब आठवण वाचता येत नाही.' त्याने आठवणी मोठ्याने वाचून दाखवायची सोय केली.

आई इतकं कागदोपत्री कसं लिहिते, याचं त्याला नवल वाटे. एका रविवारी त्याने विचारलंही. पिठातून हात न काढता ती म्हणाली, "सातवी पास हाय मी." राहुरीहून फोन केला, तर मात्र ती कधीच उचलत नसे.

तिसाव्या दिवशी सुनील गावी आला आणि सकाळीच राहुरीत छापून घेतलेल्या नोंदी त्याने वडिलांपुढे ठेवल्या. सूर्यभानरावांनी हजेरीपट तपासावा तसं एकेका ओळीवरून बोट फिरवलं. एकाही दिवसाचा खाडा नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हारलो म्हन," ते म्हणाले. "कर काय करायचं ते. कारखान्यात मी सांगतो."

सुनील आईच्या पाया पडायला वाकला. तेवढ्यात आठवणीची घंटी वाजली. भागूबाई जागची हलली नाही. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

सूर्यभानराव बंडीचा खिसा दाबत लगबगीने उठले. पण ते दारापर्यंत पोचायच्या आत खिशातून स्वच्छ, खणखणीत आवाज आला:

"आज महिना पूर्ण. आठी घालून हार मानणे. सदर बाब सुनीलला कळू देऊ नये."